झाकलेलं कोंबडं

चिरनेरला आत्याकडे मुक्कामाला गेलं की मला गजर लावावा लागत नाही. साडेचारच्या सुमाराला कुंभारआळीकडून पहिली बांग येते. त्या कोंबड्याला आधी घसा खाकरायची सवय. मग तळ्याच्या बाजूने दुसरा त्याला उत्तर देतो. सगळ्यांत शेवटी आत्याचा तांबडा. हा उशिरा सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की चहा होईपर्यंत थांबत नाही. 2025च्या जानेवारीत एका पहाटे यातलं काहीच झालं नाही. सवयीने डोळे उघडले आणि मी अंधारात कान देऊन पडून राहिले. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची घरघर लांबून येत होती. ती रोजच असणार, पण कोंबड्यांच्या गलक्यात कधी ऐकू आली नव्हती. उठून बाहेर आले तर आत्या ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डोंगराची कड हळूहळू वेगळी दिसायला लागली.

"फुटलं बघ तांबडं," ती म्हणाली. "कोंबडं नाय तरी फुटलं."

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण मी शाळेत दहा वेळा तरी वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. अशी डोळ्यांदेखत खरी होताना पाहिली ती पहिल्यांदाच.

आदल्या दिवशी गावातल्या कोंबड्या मारल्या होत्या. त्याआधी काही दिवस त्या आपोआपच मरत होत्या. माना टाकायच्या, तुरे काळेनिळे पडायचे, संध्याकाळी धडधाकट खुराड्यात गेलेली सकाळी पाय ताणून पडलेली. नमुने पुण्याला गेले, पुढे भोपाळला. बर्ड फ्लू आहे की नाही याचा शेवटचा शब्द तिथल्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. उत्तर 'आहे' असं आलं. मग सगळं ठरलेल्या नियमाप्रमाणे. एक किलोमीटरच्या वर्तुळातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, अंडी आणि खाद्य नष्ट करायचं, खड्डा खणायचा, चुना टाकायचा. दहा किलोमीटरपर्यंत पाळत. आणि हे कुठे, तर जिथे माणसाएवढ्याच कोंबड्याही ओटीवर हक्काने फिरतात त्या गावात.

मी पनवेलला घरीच असताना माझ्या फोनवर ती बातमी सकाळपासून चौदा वेळा आली. मुंबईच्या एका मैत्रिणीने तर "अगं, अटल सेतू उतरतो तेच ना तुझं गाव?" असं विचारलं. ते चिर्ले. आमचं चिरनेर. हा घोटाळा पूल झाल्यापासूनचा आहे, त्याआधी दोन्ही गावं कुणाला माहीत नव्हती म्हणून होत नव्हता. माझ्या लेखी चिरनेर म्हणजे महागणपती, मातीची मडकी आणि 25 सप्टेंबर 1930. त्या दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहाला निघालेल्या माणसांवर गोळीबार झाला. आता गावाच्या नावापुढे आणखी एक गोष्ट लागली.

महिना होता पोपटीचा. रायगडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, कडेने अंडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करून ते शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, पाचोळा पेटवून द्यायचा. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चुर्र झालं की झालं. पोपटी घरात करतच नाहीत. ती शेतातच, रात्री, आगीभोवती आणि गप्पांबरोबर. मी त्या शनिवारी मुळात पोपटीसाठीच निघाले होते. मडकं आत्याने कुंभारआळीतून आधीच आणून ठेवलेलं. ते कोपऱ्यात तसंच कोरं उभं होतं.

आता त्या चौदा संदेशांबद्दल. त्यांतले काही सरकारी होते, काही कुणीतरी घरी बसून रचलेले. पण बिनचूक होते त्यांतही दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक, कोंबडी आणि अंडी नीट शिजवून खाल्ली तर धोका नाही, सत्तर अंशांना विषाणू मरतो. दोन, एक किलोमीटरमधली प्रत्येक कोंबडी मारली जाईल. दोन्ही खरंच. पण आत्याच्या नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवल्यावर आत्याने जे विचारलं ते चौदांपैकी एकाही संदेशाने स्वतःला विचारलं नव्हतं. "शिजवून खाल्ली तर काय होत नाय, मग मारता कशाला? पोपटीत घाला की."

पोपटीतली आग सत्तर अंशांची नसते हे कुणीही सांगेल. प्रश्न चोख होता. उत्तर न देणाऱ्या माहितीवर माणसं विश्वास ठेवत नाहीत, आणि आत्याने तर फोनमधल्या कोंबडीवर विश्वास ठेवणं पाच वर्षांपूर्वीच सोडलं होतं. त्याचं कारण मी आहे.

2020चा फेब्रुवारी. कोरोना अजून आपल्याकडे यायचा होता. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण 9 मार्चला पुण्यात सापडले. पण रोगाच्या आधी कोंबडी आली. फोडांनी भरलेल्या, निळसर पडलेल्या एका कोंबडीचं छायाचित्र आणि खाली मजकूर, की ब्रॉयलर कोंबडीतून कोरोना पसरतो. मी ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. वर एक ओळ लिहिली, जी त्या दिवसांत आम्ही सगळेच लिहीत होतो: "खरं-खोटं माहीत नाही, आला तसा पाठवते, काळजी घ्या."

त्या ओळीचा मी नंतर खूप विचार केला आहे. 'आला तसा' यात किती सोय आहे. निरोप माझ्या हातून गेला, पण माझ्या हाताचा वास त्याला लागला नाही. पूर्वी दवंडी पिटणारा गावात सगळ्यांना ठाऊक असायचा. त्याने चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तो पारावर सापडायचा. आला तसा पाठवणारा सापडत नाही. तो ग्रुपवरच असतो, पण सापडत नाही.

त्या ग्रुपवर माझा आतेभाऊही होता. त्याची तेव्हा दीड हजार पक्ष्यांची शेड होती. पोल्ट्रीवाले कोंबड्या म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. स्वतःच्या पैशाने पिल्लं घ्यायची, स्वतःच्या पैशाने खाद्य, पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास गेला की व्यापारी माल उचलतो. त्या महिन्यात व्यापारी आलेच नाहीत. पक्षी मात्र खात राहिले. तयार झालेल्या पक्ष्याचा प्रत्येक जास्तीचा दिवस म्हणजे खाद्याचा निव्वळ खर्च. महाराष्ट्रभर हेच चाललं होतं. शेडवरचा भाव उत्पादन खर्चाच्या खूप खाली गेला. तेलंगणात मंत्र्यांनी व्यासपीठावर बसून कोंबडी खाऊन दाखवली, तरी फरक पडेना. उत्तरेत म्हणे कोंबडीपेक्षा कच्चा फणस महाग झाला. आमच्याकडे कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करून ती मटणासारखी लागते असं म्हणायची पद्धत आहे, पण त्यासाठी साथ यावी लागेल असं वाटलं नव्हतं. मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्याने हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात लोटल्या. खाऊ घालणं परवडेना म्हणून. त्याचा व्हिडिओ फिरला, आणि ज्यांनी पाहिला त्यांची खात्रीच पटली: बघा, रोग असल्याशिवाय कुणी पुरेल का? व्हिडिओ खराच होता, आणि त्याने अफवेला पुरावा दिला.

माझा संदेश आतेभावाने वाचला. उत्तर म्हणून त्याने फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. मला वाटलं, आभार मानतोय.

शेवटी त्याने पक्षी उरणच्या रस्त्यावर टेम्पो उभा करून मिळेल त्या किमतीला दिले, उरलेले फुकट वाटले. फुकट घ्यायलाही लोक आधी नाकावर रुमाल धरून पाहायचे. काही आठवड्यांनी डॉक्टर टीव्हीवर सांगू लागले की ताकदीसाठी अंडी खा, आणि कोंबडीचा भाव चढला. तोवर शेड रिकामी झाली होती. आज तिथे कंटेनरच्या गाड्यांचे टायर काढतात. आत्याने नंतर पाळल्या त्या फक्त घरच्या गावठी.

त्या वर्षाच्या बाकीच्या गोष्टी सगळ्यांच्याच आहेत. टाळेबंदी लागली तेव्हा गावाच्या वाटेवर ओंडके आडवे पडले. फोन लावला की पलीकडची घंटी वाजायच्या आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायची. आत्या पहिल्यांदा एवढी घाबरली की फोन उचलल्याबरोबर मलाच म्हणाली, "बाय, तुला खोकला झालाय, तू डॉक्टरकडं जा." मी समजावलं, की तो सरकारी खोकला आहे. त्यानंतर महिनाभर ती त्याला 'त्यांचा माणूस' म्हणायची. "आज त्यांचा माणूस लय खोकला." 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि आत्याचा फोन काही दिवस लागेना. मी इकडे कासावीस. ती मात्र नंतर सांगत होती की पत्रे उडाले, आंबा पडला, पण त्या दिवसांत गावात कोरोनाची एकही नवी गोष्ट आली नाही. जुन्याच पुरवून वापरल्या.

हसू येतं. पण त्याच वर्षी 16 एप्रिलला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे काय झालं ते आठवलं की हसू मावळतं. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे फिरताहेत अशी आवई कित्येक दिवस फोनाफोनी पसरत होती. टाळेबंदीतल्या रात्री जमावाने गाडी अडवली आणि दोन साधू व त्यांच्या चालकाला ठार केलं. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 2018 साली अशाच आवईने भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मारली गेली होती. फोन नव्हता तेव्हाही हे होतंच म्हणा. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांत बोलवा होती की इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातलं औषधी तेल, म्हणजे मोमिआई, काढतात. माणसं आजारी नातलगाला पेटीत, माळ्यावर, गोधड्यांच्या ढिगात लपवायची. ती अडाणी होती असं म्हणून चालत नाही. घरात शिरणारा शिपाई त्यांच्याशी बोलत नव्हता, बोलला तर त्यांच्या भाषेत नव्हता, आणि नेलेली माणसं बहुतेक परत येत नव्हती. तिथे मोमिआईची गोष्ट मूळ धरणारच.

आमच्या पिढीत ती गोष्ट लसीच्या सुईला चिकटली. 2021च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस खुली झाली, पण आधी फोनवर नोंदणी, मग ओटीपी, मग काही सेकंदांत नाहीशा होणाऱ्या जागा. मुंबईतली चलाख बोटं रायगड-पालघरच्या खेड्यांतल्या केंद्रांवर जागा पटकावू लागली. एसी गाड्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अंगणात यायच्या, आणि डोंगराखालच्या कातकरी वाडीतली माणसं लांबून बघायची. त्यांच्याकडे लस पोचली नव्हती. 'सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो' ही बातमी मात्र पोचली होती, बिनानोंदणीची. महिनाअखेरीला सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांनाही लस द्यायला मुभा मिळाली. वाड्यांमध्ये पुढे जे काही झालं ते आशाताईंच्या पायांनी झालं. एकीने मला सांगितलं होतं, की मी त्यांना काहीच समजावत नाही, फक्त महिनाभराने पुन्हा जाते. म्हणते, बघा, मी टोचून घेतलेली, अजून हाय.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आत्याच्या नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच होतं, की पहिल्यांदाही फोनातच आलेलं, ते खोटं निघालं आणि लेकाची शेड गेली. आता पुन्हा फोनातच आलंय. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मेंढपाळाच्या पोराची म्हणून सांगतो. ऐकून ऐकून थकलेल्या गावाची म्हणून कुणी सांगत नाही.

म्हणून पांढऱ्या पोशाखातली माणसं वाडीच्या तोंडाशी आली तेव्हा तिने एक कोंबडी झाकली. कबरी, खुडूक बसलेली, अंड्यांवर. डालग्याखाली, आतल्या खोलीत, वर गोणपाट. मी तिथेच होते. पाहिलं आणि काही बोलले नाही. मला बोलायचा काय अधिकार होता?

पथकाबरोबर गुरांचे डॉक्टर होते. चष्म्यावर वाफ धरलेली, आवाज मास्कमधून येणारा. त्यांनी परड्यातल्या कोंबड्या मोजल्या, कागदावर लिहिल्या. आत्याने आपला प्रश्न विचारलाच: शिजवून चालते तर मारता का? मला वाटलं, वरून आदेश आहे असं सांगून पुढे जातील. तर ते बाहेरच्या पायरीशी उभे राहिले.

"खाणाऱ्यासाठी मारत नाही, आजी. सांभाळणाऱ्यासाठी मारतो. चुलीवर गेल्यावर त्याच्यात काही राहत नाही. पण तो विष्ठेत असतो, पिसांत असतो, पाण्याच्या भांड्याला असतो. तुमच्या चपलेला लागून शेजारच्या परड्यात जातो. कोंबडी कापताना, सोलताना, खुराडं झाडताना नाकातोंडात जाऊ शकतो. माणसाला सहसा होत नाही. पण झाला तर वाईट होतो."

आत्या म्हणाली, "आधी मेलेल्या पाच हायत माझ्या. त्यांचे पैसे?"

"त्यांचे नाही मिळत. आम्ही जिवंत मारल्या त्यांचेच मिळतात."

"म्हंजे आधी सांगितलं असतं तर मिळाले असते."

"हो."

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. परड्यातला आवाज चालू होता. त्याबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी आत डोकावलंही नाही. फक्त विचारलं, "पोरं कुठं झोपतात?" आत्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथेच नातवाची गादी होती, गुंडाळलेली, डालग्यापासून चार हातांवर.

ती आत गेली, गोणपाट काढलं आणि डालगं सरकवून दिलं. "ही एक ऱ्हायली," म्हणाली. "अंड्यांसकट घ्या." लपवली होती असं ती म्हणाली नाही, आणि तिने लपवली होती असं त्यांनीही कागदावर लिहिलं नाही. आकडा एकाने वाढवला. नंतर हात धुवायला लावले, साबणाने, कोपरापर्यंत, स्वतः उभं राहून.

रात्री मी आत्याला विचारलं, की त्यांचं ऐकलंस ते कशामुळे? मला वाटलं नातवाचं नाव काढेल. ती म्हणाली, "मेलेल्यांचे पैसे मिळत नाय, असं तोंडावर बोलला तो. खोटं बोलायचं असतं तर तिथं बोलला असता."

त्या आठवड्यात मला आणखी बरंच काही कळलं, सगळं फोनवरच. नागपूरच्या गोरेवाड्यात बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या मेला होता. उदगीरला कावळे पडत होते. पुण्यात त्याच महिन्यात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोमचे) रुग्ण वाढत होते आणि तिथेही बोट पुन्हा कोंबडीकडेच गेलं. नवापूरचं 2006 कुणीतरी उकरून काढलं. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथलाच, नंदुरबार जिल्ह्यातला. यातलं जे खरं होतं तेही मी कुठेच पुढे पाठवलं नाही. हा शहाणपणा की नुसता धसका, हे मला नीट सांगता येणार नाही. खरी माहिती अडवून ठेवणंही काही पुण्याचं काम नव्हे. पण 'आला तसा' हे शब्द बोटांना आता येत नाहीत, आणि त्याजागी काय लिहायचं ते सुचत नाही. 'माझी खात्री आहे' असं लिहायला खात्री लागते.

रविवारी पोपटी झाली. बटाटे, रताळी आणि वालाच्या शेंगांची. भांबुर्ड्याचा वास तोच. मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र झालं. आतेभावाने मडकं फोडलं, माझ्या पानात शेंगांचा ढीग ओतला आणि म्हणाला, "खा. तपासून आणल्यात." सगळे हसले. पाच वर्षांत त्या संदेशाचा विषय त्याने काढला तो तेवढाच.

पावसाच्या तोंडावर मी पुन्हा गेले तेव्हा पिल्लंवाला आला होता. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना टोपल्या, वर जाळी, आत नुसता चिवचिवाट. गिरिराज आहे, कावेरी आहे, लस दिलेली आहे असं सांगत त्याने खिशातून फोन काढला आणि कसलासा शिक्का असलेला कागद मोठा करून दाखवला. आत्याने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाळीत हात घालून एक पिल्लू उचललं, उलटं केलं, शेपटीखाली पाहिलं, पोटावर अंगठा दाबला, पिसांत फुंकर घातली. मग त्याला जमिनीवर सोडून ते कसं चालतं ते बघत बसली. असं करत करत सात निवडली. पिल्लंवाला घाईला आलेला, पण गप्प उभा होता.

डालग्याखाली ती सात पिल्लं एकमेकांवर चढत होती. उन्हाचे कवडसे वेताच्या भोकांतून त्यांच्यावर पडलेले. मी फोन काढून वाकले, तेवढ्यात आत्याने मध्ये हात धरला.

"काढ फोटो," म्हणाली. "पण टाकू नको कुठं. आधी जगू दे त्यांना."